‘खेळवणे’ या क्रियेचा कर्ता : महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रतिरूप हंगामाचे निवेदन

१

‘खेळणे’ या धातूचे प्रयोजक रूप मराठीत ‘खेळवणे’ असे होते, आणि व्यवहारात त्याचे तीन उपयोग आढळतात. प्रशिक्षक संघाला खेळवतो. आई मुलाला खेळवते. आणि कार्य साधून घेऊ पाहणारा मनुष्य दुसऱ्याला महिनोन्महिने नुसता खेळवत ठेवतो. पहिल्या उपयोगात ज्याला खेळवावयाचे तो स्वतः खेळणारा असतो, आणि प्रशिक्षकाची प्रेरणा त्याच्या खेळण्याच्या पूर्वी किंवा पाठीमागे उभी असते. दुसऱ्यात मूल खेळते खरे, परंतु खेळाचा आरंभ आणि शेवट आईच्या हाती असतो. तिसऱ्यात तर ज्याला खेळवले त्याने काही केलेलेच नसते. एकाच क्रियापदाच्या पोटी प्रेरणा, लालन आणि वंचना असे तीन अर्थ नांदावेत, ही गोष्ट कर्तृत्वाचा विचार करणाऱ्यास उद्बोधक आहे.

या तिहेरी अर्थाची कसोटी पाहण्यास अमेरिकेतील एक वाङ्मयप्रकार विशेष सोयीचा आहे. संगणकावर महाविद्यालयीन बास्केटबॉलचे एक संपूर्ण जग आकड्यांच्या रूपाने मांडलेले असते. त्यात महाविद्यालये असतात, त्यांचे संघ असतात, आणि प्रत्येक खेळाडूच्या नेमबाजीस, उंचीस, दमास व समजुतीस एकेक अंक दिलेला असतो. खेळणारा मनुष्य एका संघाच्या प्रशिक्षकाच्या आसनावर बसतो. तो चेंडूला हातही लावत नाही. तो निवड करतो, डावपेच ठरवतो, आणि मग यंत्र सामना ‘खेळून’ त्याचा तक्ता व क्षणाक्षणाचा वृत्तांत त्याच्यापुढे ठेवते. हंगाम अशा रीतीने पार पडला की त्याची हकीकत सविस्तर लिहून काढणारेही पुष्कळ आहेत. या हकीकतीला येथे ‘प्रतिरूप हंगामाचे निवेदन’ असे म्हटले आहे. ती करमणूक आहे यात वाद नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक वाक्याला व्याकरणदृष्ट्या कर्ता असतो आणि वस्तुतः तो कर्ता कोठेच नसतो. या विसंगतीचे निवेदक काय करतो, यावरच अशा लेखनाचे मोल ठरते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

हा प्रकार संगणकाच्या पूर्वीचा आहे. फासे आणि पत्ते यांच्या साहाय्याने खऱ्या खेळाडूंची कामगिरी पुन्हा घडवून आणणारे बेसबॉलचे बैठे खेळ अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय झाले. ‘अ‍ॅप्बा’ हा खेळ १९५१ मध्ये व ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा १९६१ मध्ये विक्रीस आला. फाशांचे काम पुढे संगणकाकडे गेले. गणना वाढली, तत्त्व मात्र बदलले नाही: प्रत्येक घटनेस एक संभाव्यता द्यावयाची, एक यादृच्छिक संख्या काढावयाची, आणि तिच्यावरून काय घडले ते ठरवावयाचे.

बास्केटबॉल हा खेळ या पद्धतीस मोठा अनुकूल आहे. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ याने तो शोधून काढला. तेव्हापासून नियम अनेकदा बदलले, पण चेंडूचा ताबा आळीपाळीने दोन्ही संघांकडे जातो ही त्याची रचना कायम आहे. चाळीस मिनिटांच्या महाविद्यालयीन सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्यास साधारणतः सत्तरच्या आसपास ताबे येतात. प्रत्येक ताबा हा एक लहानसा स्वतंत्र प्रसंग होय: चेंडू हातचा गेला का, नेम लागला का, चुकलेला चेंडू पुन्हा आपल्याच हाती आला का, फ्री थ्रो मिळाला का. डीन ऑलिव्हर याने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संघाच्या यशाची जी चार अंगे सांगितली ती हीच. प्रतिरूपाचा प्रशिक्षक या चार प्रश्नांच्या उत्तरांची संभाव्यता थोडी इकडेतिकडे सरकवू शकतो. खेळाचा वेग वाढवावा की कमी करावा, बचाव माणसागणिक करावा की क्षेत्रागणिक, आणि पाच जागांची मिळून जी दोनशे मिनिटे होतात ती दहाबारा खेळाडूंत कशी वाटावीत, एवढेच त्याच्या हाती असते. त्याचे सारे कर्तृत्व या मर्यादेत सामावलेले आहे.

या निवेदनाला जो घाट येतो तो हंगामाकडून येतो. अमेरिकन महाविद्यालये ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली असतात आणि गटातील संघ दरवर्षी नियमाने परस्परांशी भिडतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन आणि डार्टमथ या आठ संस्थांची आयव्ही लीग हे याचे सर्वांत रेखीव उदाहरण होय. प्रत्येक संघ इतर सातांशी दोनदा खेळतो, एकदा स्वगृही व एकदा परगृही. म्हणजे चौदा सामने. २०१६ पर्यंत या चौदा सामन्यांत जो पहिला येई तोच राष्ट्रीय स्पर्धेस जाई, आणि बरोबरी झाल्यास वेगळा निर्णायक सामना होई. २०१७ पासून पहिल्या चार संघांची स्पर्धा त्यानंतर घेण्यात येऊ लागली. चौदा सामन्यांच्या या रचनेत कथानकाची सर्व अंगे आयतीच असतात. प्रतिस्पर्धी प्रथम भेटतो तेव्हा ओळख होते, दुसऱ्यांदा भेटतो तेव्हा परतफेड होते. स्वगृहाचा धीर आणि परगृहाचा परकेपणा आळीपाळीने येतो. आणि शेवटचा आठवडा आपोआप उत्कर्षबिंदू ठरतो. कादंबरीकाराला जे योजून आणावे लागते ते येथे वेळापत्रकच पुरवते.

हा घाट वाचकाच्या मनात किती खोल रुजलेला आहे याचा प्रत्यय मार्च २०२० मध्ये आला. साथीमुळे आयव्ही लीगने १० मार्च रोजी आपली स्पर्धा रद्द करून येलला राष्ट्रीय स्पर्धेतील जागा दिली, आणि दोनच दिवसांनी ती राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. न झालेली स्पर्धा मग अनेकांनी संगणकावर खेळवून पाहिली. तिच्या निकालाला कोणतीही मान्यता नव्हती, हे सर्वांस ठाऊक होते. तरीही अर्ध्यावर तुटलेल्या वाक्याला क्रियापद मिळावे तशी ती गरज होती.

३

आता या घाटात निवेदक काय भरतो ते पाहावयाचे. यंत्र त्याला निकाल देते, कारण देत नाही. कारण तो स्वतः लिहितो. ‘मध्यंतरानंतर संघ जागा झाला’, ‘पराभवाच्या चटक्याने खेळाडू शहाणे झाले’, ‘नव्या बचावाने हंगामाची दिशा बदलली’ अशा वाक्यांनी या हकीकती भरलेल्या असतात. त्यांची सत्यता तपासण्यास थोडे गणित पुरेसे आहे.

सर्व आठ संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे, असे समजावे. तरीही एखाद्या संघाने चौदापैकी दहा किंवा अधिक सामने जिंकण्याची संभाव्यता शेकडा नऊच्या सुमारास येते. संघ आठ असल्यामुळे हंगामागणिक कोणीतरी दहापर्यंत पोचलेला दिसला, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. त्या संघाच्या प्रशिक्षकास मात्र हा निकाल आपल्या धोरणाचे फळ वाटतो, आणि त्याच्या हकीकतीत त्या धोरणाची जन्मकथा येते. उलट पक्षी, प्रत्येक सामना जिंकण्याची संभाव्यता शेकडा पंचाहत्तर असलेला खरोखरीच श्रेष्ठ संघ घेतला, तरी चौदाही सामने जिंकण्याची त्याची संभाव्यता शेकडा दोनहूनही कमी असते. तो सरासरीने साडेदहा सामने जिंकेल आणि उरलेले हरेल. या पराभवांतील पुष्कळांना कारणच नसते. परंतु ‘हा पराभव अकारण होता’ असे वाक्य अशा हकीकतीत क्वचितच सापडते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, खऱ्या सामन्यांचे वृत्तांतही असेच लिहिले जातात. मग प्रतिरूपाच्या निवेदकासच दोष का द्यावा? आक्षेप रास्त आहे, परंतु दोन्ही स्थिती समान नाहीत. खऱ्या सामन्यात खेळाडू मध्यंतरानंतर खरोखर जागा झाला असण्याचा संभव असतो; निदान तसे विचारता तरी येते. प्रतिरूपात अंकांच्या पलीकडे ज्याला विचारावे असा कोणी नाही. तेथे हेतूचे आरोपण ही निवेदकाची शुद्ध निर्मिती असते. ती निर्मिती म्हणून केली तर वाङ्मय होते. शोध म्हणून मिरवली तर ती आत्मवंचना होते.

४

या भेदावर व्याकरण प्रकाश टाकते. पाणिनीने कर्त्याचे लक्षण म्हणून स्वातंत्र्य सांगितले, आणि लगेच पुढील सूत्रात अशा स्वतंत्र कर्त्याला जो प्रवृत्त करतो त्याला कर्ता व हेतू अशा दोन्ही संज्ञा दिल्या. या क्रमात मोठा अर्थ आहे. प्रयोजकाची कल्पना स्वतंत्र कर्त्यावाचून उभीच राहत नाही. ज्याला प्रवृत्त करावयाचे तो आधी स्वतंत्र असला पाहिजे. त्याला नाही म्हणता आले पाहिजे. खेळाडू कंटाळू शकतो, रुसू शकतो, प्रशिक्षकाचे न ऐकता स्वतःच नेम धरू शकतो, म्हणूनच प्रशिक्षक त्याला ‘खेळवतो’ असे म्हणण्यास अर्थ आहे. प्रतिरूपातील खेळाडू आज्ञा मोडीत नाही. कधी मोडलीच तर तेवढ्यासाठीही एक संभाव्यता नेमून दिलेली असते.

तथापि संस्कृत वैयाकरणांनीच येथे एक वाट मोकळी ठेवली आहे. भांडे शिजवते, असे म्हणता येते. कारण कारकत्व हे वस्तूच्या ठायी कायमचे चिकटलेले नसून वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. त्याच न्यायाने प्रतिरूपातील गार्डने चेंडू दिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. मात्र मग ही विवक्षा कोणाची, हे ध्यानात ठेवावे लागते. ती सर्वस्वी निवेदकाची आहे. पात्राला कर्तृत्व त्याने दिले आहे, आणि दिलेल्याची जबाबदारी त्याच्यावर आहे.

इंग्रजीत लिहिलेल्या या हकीकतींमध्ये ही जबाबदारी सहज झाकली जाते. त्या भाषेत चेंडू देणारा, चेंडू गमावणारा आणि ज्याचा नेम चुकला तो, असे सारे एकाच प्रथमान्त स्थानी उद्देश्य म्हणून बसतात. मराठीत तसे होत नाही. ‘त्याने चेंडू घालवला’ आणि ‘त्याच्याकडून चेंडू गेला’ ही दोन वाक्ये एकच प्रसंग सांगतात, पण दुसऱ्यात मनुष्याचा संबंध राखूनही त्याचा हेतू काढून घेतलेला असतो. ‘त्याने नेम चुकवला’ म्हटले तर दुसऱ्याचा नेम चुकवल्याचा भास होतो. ‘त्याचा नेम चुकला’ म्हटले की प्रसंग जसा घडला तसा उभा राहतो. घटना आणि कृती यांच्यामध्ये मराठीने जी ही मधली जागा राखली आहे, तीच प्रतिरूप खेळाडूची खरी जागा होय. त्याच्याकडून गोष्टी घडतात. तो त्या करीत नाही. प्रतिरूप हंगामाचे प्रामाणिक निवेदन कोणत्याही भाषेत झाले, तरी त्याला ही जागा शोधावी लागेल.

५

या प्रश्नाचे सर्वांत गंभीर वाङ्मयीन विवेचन बास्केटबॉलवर नाही, बेसबॉलवर आहे. रॉबर्ट कूव्हर याच्या १९६८ मधील ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीचा नायक जे. हेन्री वॉ हा हिशेबनीस असून, तीन फासे आणि स्वतः रचलेले तक्ते यांच्या आधारे त्याने एक संपूर्ण लीग उभी केलेली असते. तिच्यातील डेमन रदरफर्ड हा तरुण पिचर एक निर्दोष सामना खेळतो, आणि पुढे फाशांच्या एका दुर्मिळ दानामुळे जॉक केसी याने टाकलेला चेंडू लागून मृत्यू पावतो. वॉ खरोखर शोक करतो. त्या शोकात तो कामास मुकतो, आणि अखेरीस एके दिवशी फासे टाकण्याऐवजी ते हाताने हवे तसे ठेवून केसीचा मृत्यू घडवून आणतो.

नायकाच्या आद्याक्षरांवरून त्याच्या ठिकाणी यहुदी धर्मग्रंथांतील ईश्वराची सूचना समीक्षकांनी दाखविली आहे, आणि ती मान्य होण्याजोगी आहे. परंतु कर्तृत्वाच्या दृष्टीने पाहता कादंबरीचे मर्म त्या एका हस्तक्षेपात आहे. डेमनच्या मृत्यूचा शोक खरा होता, कारण तो मृत्यू वॉने घडवला नव्हता. जे आपल्या हातचे नाही त्याचेच दुःख होऊ शकते. केसीचा मृत्यू मात्र त्याची कृती आहे. फासे हाताने ठेवले त्या क्षणी तो प्रशिक्षक, प्रेक्षक व इतिहासकार या तिन्ही भूमिकांतून उठला आणि एकमेव कर्ता झाला. शेवटच्या प्रकरणात वॉ दिसतच नाही. सुमारे शंभर हंगामांनंतरचे खेळाडू त्या दोन मृत्यूंचे विधिनाट्य करताना दिसतात. खेळाचे रूपांतर कर्मकांडात झाले आहे.

संगणकावरील प्रशिक्षकालाही फासे हाताने ठेवण्याची सोय उपलब्ध आहे. सामन्यापूर्वीची स्थिती साठवून ठेवावयाची, पराभव झाला तर तेथे परतावयाचे, आणि विजय मिळेपर्यंत सामना पुनःपुन्हा खेळवावयाचा. असे केल्यास हंगाम चौदा विजयांचा होतो आणि निवेदन निर्जीव होते. या प्रकारातील चांगल्या निवेदकांचा पहिला संकेत म्हणूनच पराभव स्वीकारणे हा असतो. फासा पडला तो पडला. तेवढ्यापुरते पात्रांना एक उसने स्वातंत्र्य लाभते: ती निवेदकाला नाही म्हणू शकत नाहीत, पण त्यांच्या वतीने संभाव्यता म्हणते.

६

इथवर असे गृहीत धरले की प्रतिरूपातील खेळाडू कोणीच नाही. हे गृहीत अमेरिकेतील न्यायालयांत मोडून पडले. मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या महाविद्यालयीन खेळांच्या संगणकीय आवृत्त्यांत खेळाडूंची नावे नसत. महाविद्यालयीन खेळाडूने आपल्या नावाचा मोबदला घेऊ नये असा राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे एन.सी.ए.ए.चा, नियम होता. नाव गाळले, बाकी सर्व ठेवले. सॅम केलर या फुटबॉल खेळाडूच्या दाव्यात असे दिसून आले की, पडद्यावरील आकृतीचा गणवेशावरील क्रमांक, उंची, वजन, वर्ण, केशभूषा आणि खेळण्याचा हात ही सर्व त्याचीच होती. जुलै २०१३ मध्ये अपील न्यायालयाने, ही नवनिर्मिती नसून खेळाडूचे यथातथ्य पुनरुत्पादन आहे अशा आशयाचा निर्णय देऊन कंपनीचा बचाव अमान्य केला. बास्केटबॉलच्या बाबतीत एड ओबॅनन याचे नाव पुढे आले. १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विजेत्या संघाचा तो प्रमुख खेळाडू होता. एका मित्राच्या घरी खेळल्या जाणाऱ्या अशाच एका खेळात त्याने त्या संघाचा एकतीस क्रमांकाचा डावखुरा खेळाडू पाहिला, आणि तो आपण आहोत हे ओळखले. २००९ मध्ये त्याने दावा लावला. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायालयाने संघटनेचे मोबदल्यावरील निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरविले, आणि २०१५ मध्ये अपिलात तो निष्कर्ष, दिलेल्या उपायातील काही भाग वगळून, कायम राहिला.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यात विशेषनाम आणि वर्णन यांचा जुनाच प्रश्न दिसेल. नाव उच्चारले नाही म्हणून निर्देश टळत नाही. ‘१९९५ च्या त्या विजेत्या संघातील एकतीस क्रमांकाचा डावखुरा खेळाडू’ हे वर्णन जगातील एकाच मनुष्यास लागू पडते, आणि म्हणून ते नावाचेच काम करते. नियमकर्त्यांनी नावालाच व्यक्ती मानले. वर्णन करणाऱ्यांनी नाव वगळून व्यक्ती उचलली. पुढे आलेल्या निर्णयांनी व बदलांनी चित्र पालटले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. आणि जुलै २०२४ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचा संगणकीय खेळ पुन्हा निघाला तेव्हा त्यात येण्यास संमती देणाऱ्या खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर देण्यात आले. रक्कम पुरेशी होती की नव्हती हा वेगळा प्रश्न आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, त्या दिवशी खेळवला जाणारा प्रथमच नाही म्हणण्यास मोकळा झाला. म्हणजे प्रयोजकाला त्याचा कर्ता मिळाला.

येथे प्रतिरूपावरून मूळ वस्तूकडे पाहणेही भाग पडते. प्रतिरूप खेळाडूला इच्छा नसते, हक्क नसतो आणि वेतन नसते. अनेक दशके खऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंविषयीचे नियम पुष्कळ अंशी याच समजुतीवर आधारलेले होते. संगणकाने त्यांना अंक केले असा दोष देण्यापूर्वी, यंत्राने फक्त आधीची व्यवस्था जशीच्या तशी उतरून घेतली, हे मान्य केले पाहिजे. प्रतिरूपातील आपली आकृती पाहून ओबॅननला जे उमगले ते प्रतिरूपापुरते मर्यादित नव्हते.

७

आरंभी सांगितलेल्या तीन अर्थांकडे आता परतता येईल. जे निवेदन योगायोगाला धोरण म्हणते आणि पराभव पुसून टाकते, ते तिसऱ्या अर्थाने खेळवणे होय. फरक इतकाच की, येथे फसवणारा आणि फसलेला एकच असतो. जे निवेदन कल्पित नावांच्या खेळाडूंना जीव लावते, त्यांचे पदवीदान आणि निरोप यांची नोंद ठेवते, आणि ते आपल्या विवक्षेनेच जगत आहेत हे विसरत नाही, ते दुसऱ्या अर्थाने खेळवणे होय. त्यात कमीपणा काही नाही. बाहुलीशी बोलणाऱ्या मुलाला बाहुली बोलत नाही हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही संवाद खरा असतो. पहिल्या अर्थाने खेळवणे मात्र प्रतिरूपात शक्य नाही. त्यासाठी समोर असा कोणीतरी असावा लागतो की, ज्याला खेळण्याचा कंटाळा येईल, जो मोबदला मागेल, आणि वेळ पडल्यास न्यायालयात उभा राहून पडद्यावरचा तो मीच, असे म्हणेल.

अशा लेखनाच्या समीक्षेची कसोटी यावरून निश्चित करता येते. निवेदनातील हंगाम किती विजयांचा झाला, हे गौण होय. प्रत्येक वाक्यातील कर्तृत्व कोणी कोणाला दिले, याची जाणीव निवेदकाने अखेरपर्यंत राखली की नाही, आणि ज्याच्याकडून ते उसने घेतले तो कोणी खरा मनुष्य असेल तर त्याला विचारले की नाही, एवढेच पाहावयाचे.